कॅमेरा-कॅप्सूल गिळण्याआधी चाचणी-कॅप्सूल सक्तीची असावी का?

अनुस्वार:
लहान आतड्याची आतून छायाचित्रे घेणारी, गिळायची कॅप्सूल २००१ साली अमेरिकेत मान्य झाली आणि दुर्बीण सहजी पोहोचत नाही अशा भागातील रक्तस्रावाचा शोध घेणे सोपे झाले. सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असलेली ही वस्तू बहुतेकांच्या शरीरातून काही दिवसांत शौचावाटे निघून जाते; मात्र आतडे कुठे आकसलेले असेल, तर ती तिथेच अडकते. दोन आठवड्यांनंतरही आत राहिलेली कॅप्सूल ‘अडकली’ असे मानतात. रक्तस्रावाच्या शोधासाठी तपासलेल्यांत हे शंभरात साधारण एक-दोघांच्या बाबतीत घडते, तर क्रोन्सचे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराचे) निदान आधीच झालेल्यांत त्याहून बरेच अधिक. आपल्याकडे यात आतड्याच्या क्षयरोगाची भर पडते, कारण तोही आतडे आकसवतो. म्हणून माझे मत असे की, त्याच आकाराची, लॅक्टोज (दुधातील साखर) आणि एक्स-रेवर दिसणाऱ्या बेरियमची, अडकलीच तर काही काळाने आपोआप विरघळणारी चाचणी-कॅप्सूल प्रत्येक रुग्णाला आधी द्यावी.

तळटीप:
प्रत्येकाला देणे मला मान्य नाही. रक्तस्रावाचे मूळ सापडण्याची शक्यता तपासणी लवकर केल्यास जास्त असते, आणि चाचणीत नेमका तोच वेळ जातो. शिवाय चाचणी-कॅप्सूल मोठ्या आतड्यात रेंगाळली असताना एक्स-रेवर ती लहान आतड्यात अडकल्यासारखी वाटू शकते आणि ज्याला तपासणीची खरी गरज आहे तोच तिच्यापासून वंचित राहतो. युरोपीय मार्गदर्शक सूचनाही क्रोन्सचे निदान झालेल्यांसाठी ही चाचणी सुचवतात, केवळ रक्तस्राव असलेल्या सर्वांसाठी नव्हे. अडकलेली कॅप्सूल बहुधा दुखतही नाही. उलट ती जिथे थांबते तिथेच पुष्कळदा मूळ आजार असतो आणि शस्त्रक्रियेत दोन्ही एकदमच निघतात.

अनुस्वार:
शेवटचा मुद्दा गाठीच्या बाबतीत पटतो, क्षयरोगाच्या बाबतीत नाही. क्षयरोगाने आकसलेले आतडे, सर्वच नव्हे पण काही रुग्णांचे, केवळ औषधांनी मोकळे होते. अशा माणसाचे पोट तपासणीच्या कॅप्सूलसाठी उघडावे लागणे हा योगायोगाचा फायदा कसा? अडकलेली कॅप्सूल काही वेळा लांब दुर्बिणीने काढता येते, पण ती सोय सगळीकडे नसते.

दुपारचा चहा:
या वादात एक गोष्ट राहून जाते आहे. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्या लहान आतड्यात कागदाइतके पातळ पडदे तयार होऊ शकतात आणि ते सीटी स्कॅनवरही अनेकदा दिसत नाहीत. अशा रुग्णाला आधी केलेला ‘नॉर्मल’ सीटी खोटा दिलासा देतो. तेव्हा मशीनआधी गोळ्यांची विचारपूस व्हावी. तसेच कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये, हे रुग्णाला घरी जाताना मराठीत लिहून द्यावे. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांत ती क्वचित श्वासनलिकेत गेल्याचीही नोंद आहे. त्यांच्यासाठी ती दुर्बिणीने थेट पुढे सोडण्याचा मार्ग आहे.

तळटीप:
गोळ्यांचा मुद्दा मान्य. क्रोन्स, पोटावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, किरणोपचार, दीर्घकाळ वेदनाशामके किंवा पूर्वीचा क्षयरोग, यांपैकी काहीही असेल त्याला चाचणी-कॅप्सूल द्यावीच. पण सरसकट नियम नको. चाचणी-कॅप्सूलही क्वचित पोटदुखी आणि तात्पुरता अडथळा निर्माण करते. बाकीच्यांसाठी, कॅप्सूल पडलेली दिसली नाही तर दोन आठवड्यांनी पोटाचा एक एक्स-रे, एवढे शिस्तीने झाले तरी पुष्कळ धोका वेळीच कळेल.

अनुस्वार:
एक्स-रे अडकल्यानंतर कळवतो, अडकणे टाळत नाही. आणि तुमच्या यादीत ‘पूर्वीचा क्षयरोग’ आहे; ज्यांच्या आतड्याचा क्षयरोग अजून कुणी ओळखलेलाच नाही आणि ज्यांची तपासणी बहुधा त्यासाठीच मागवली आहे, ते या यादीत कुठे बसतात?