मिड-इंजिन गाडीची बॉडी रुंद करायची आहे, सल्ला हवा (बेळगाव परिसर)

अनगोळ_गॅरेज
नमस्कार मंडळी. अनगोळला माझं छोटं गॅरेज आहे. कामातून वेळ काढून दोन सीटची मिड-इंजिन गाडी बांधायलोय. चासी पूर्ण पाइपची, घरीच वेल्ड केलेली. जुन्या स्विफ्टचं १.३ पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससकट सीटच्या मागं आडवं बसवलंय. चासी स्वतःच्या चाकांवर उभी आहे, इंजिन सुरू होतंय.

आता अडलोय बॉडीवर. पुढं १९५/५५ आर१५ आणि मागं २०५/५५ आर१६ टायर आहेत. मागची रिम ७.५ इंची. मनात जी साधी, सरळ बाजूंची बॉडी होती तिच्या बाहेर चाकं येतात, मागं तर चांगलीच. म्हणून मडगार्डं फुगवून बॉडी रुंद करायची आहे. डोळ्यासमोर रेनॉ ५ टर्बो आहे, मागचे ते दोन फुगवटे आणि त्यातून आत जाणारी हवा.

विचारायचं असं की सुरुवात कुठून करू? पत्रा घेऊ की फायबर? आणि आपल्या भागात हे काम कुणाकडून करून घ्यावं? गाडी एकच बनणार आहे, बजेट बेताचं आहे, पण काम नीटच व्हायला पाहिजे.

टिळकवाडी_१५
पहिला प्रश्न पासिंगचा. रस्त्यावर चालवायची असेल तर आत्ताच थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. घरी बांधलेल्या गाडीला तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागेल. एका गाडीसाठी तो खर्च कुणालाच झेपणार नाही.

अनगोळ_गॅरेज
रस्त्यावर नाहीच काढणार, काका. ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत) आणि खासगी ट्रॅक, बस. गाडी ट्रेलरवरून जाणार.

पॅटर्नवाला_मच्छे
मग मोकळेपणानं बोलता येईल. मी मच्छेला फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतो. गाड्यांचा धंदा नाही, पण साच्याचं काम तेच, म्हणून सविस्तर लिहितोय.

बॉडीचं चित्र आधी काढू नका. आधी चाकाची जागा ठरवा, चित्र नंतर. मागची रिम ६ इंची ईटी ४५ वरून ७.५ इंची ईटी २० वर गेली असेल (ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते तिथपर्यंतचं अंतर, मिमीत) तर हिशेब असा: रुंदी दीड इंचानं वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १९ मिमी. ऑफसेट २५ मिमीनं कमी झाला, तो सगळा बाहेरच्या बाजूला. म्हणजे बाहेरची कड ४४ मिमी बाहेर आली. आतली कडसुद्धा ६ मिमी बाहेरच सरकली, त्यामुळं आत सस्पेन्शनला जागा मिळाली. तुमच्या रिमचे आकडे वेगळे असतील तर ते घालून हाच हिशेब करा. कुणी स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) टाकून बाहेर काढा म्हणालं तर ऐकू नका. त्यानं बेअरिंगवर ताण येतो आणि पुढं स्टेअरिंग हाताला ओढायला लागतं.

पण ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. चाक वर-खाली होतं, पुढचं वळतंही. म्हणून स्प्रिंगा काढा, डॅम्पर आणि बंप स्टॉप (चाकाला वर अडवणारा रबर) जागेवर ठेवा, आणि जॅकनं हब पार वरपर्यंत उचला. पुढच्या चाकाला त्याच स्थितीत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. प्रत्येक स्थितीत टायरची कड पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. हे सगळे पुठ्ठे एकत्र केले की चाकाला लागणारी खरी जागा दिसते. ती तुमच्या अंदाजापेक्षा नेहमी मोठी निघते. त्यावर टायरच्या वर निदान २० मिमी आणि बाजूला १५ मिमी मोकळे सोडा. टायर खडे उचलतो, आणि रबर गरम झालं की जरा फुगतंही.

ही जागा हातात आली की फुगवटा किती, हा प्रश्नच उरत नाही. मग फक्त तो दरवाजापासून कुठं सुरू करायचा आणि मागं कुठं विरवायचा, एवढंच ठरवायचं. इथं माझं मत पक्कं आहे. फुगवटा चाकाच्या जरा आधी अचानक उभा राहिला तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. १९७८ च्या लॅम्बॉर्गिनी काउंटाच एलपी४०० एसला मागं ३४५ मिमीचे टायर बसवायचे होते, म्हणून मूळच्या स्वच्छ बॉडीवर फायबरच्या पट्ट्या आल्या. लोकांना ती गाडी आवडते, पण पट्ट्या वेगळ्या दिसतात हे खरं. तुमची बॉडी कोऱ्या कागदावरनं होणार आहे, मग चिकटवायची कशाला? खांद्याची रेघ दरवाजाच्या मध्यापासूनच हळूहळू बाहेर न्या.

प्लग, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो बॉडीचा पूर्ण आकाराचा नमुना, बनवताना चासीच्या मध्यरेषेवर दोरी ताणा आणि दर १०० मिमीला प्लायचा एक छेद उभा करा. एका बाजूचे छेद कापलेत की तेच उलटे करून दुसऱ्या बाजूला लावा. दोन्ही बाजू डोळ्यानं सारख्या करायला गेलात तर कधीच जुळणार नाहीत. छेदांच्या मधे पीयू फोम भरून घासा, वर पुट्टी, मग प्रायमर. साधा थर्मोकोल वापरलात तर त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन ओतू नका, रेझिनमधलं स्टायरिन थर्मोकोल खाऊन टाकतं. शेवटी अंधारात लांब ट्यूबलाइट लावा आणि ओल्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब बघत चाला. जिथं ट्यूबची रेघ थरथरते तिथं खड्डा आहे. हाताला लागत नाही तेवढा खड्डा सुद्धा रंग मारल्यावर लांबून दिसतो.

आणि मडगार्डची आत वळलेली कड. साचा तिथंच अडकतो, नवीन माणसाचा सगळा माल तिथंच फाटतो. भिंतींना निदान ३ अंशांचा ढाळ द्या, आणि आतल्या कडेसाठी साच्याला बोल्टनं सुटणारा वेगळा तुकडा करा. कुठल्याही पॅटर्न शॉपला हे सांगावं लागत नाही, त्यांचा रोजचा धंदा आहे. म्हणून माझा सल्ला असा की गाडी सजवणाऱ्यांकडं जाण्याआधी उद्यमबागेतल्या किंवा शिरोलीच्या एखाद्या पॅटर्न शॉपमध्ये जा.

निपाणी_डेंटर
वरचं सगळं बरोबर, पण एका गाडीसाठी साचा कशाला? प्लग, मग साचा, मग माल, म्हणजे एकच वस्तू तीनदा करायची. ६ मिमी सळीचा सांगाडा करा, त्यावर २० गेजचा (०.९ मिमी) सीआर पत्रा ठोकून बसवा. आमच्या निपाणीत आणि खाली कोल्हापूरकडं हाताचं पत्र्याचं काम करणारी माणसं अजून आहेत. वाळूच्या पिशवीवर ठोकून असा गोल काढतात की पुट्टी नावाला लागते. पोर्शे ९१४-६ जीटीचे फुगवटे पत्र्याचेच होते, वेल्ड केलेले.

ऑटोक्रॉसला कुठंतरी घासणारच. पत्रा वाकला की ठोकून सरळ होतो. फायबर तडकलं की घरी येऊन मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) लावत बसा.

पॅटर्नवाला_मच्छे
दादा, वजनाचं काय? ०.९ मिमी पत्रा एका चौरस मीटरला साधारण ७ किलो. ३ मिमी फायबर साडेचार किलोच्या आसपास. मागचं सगळं झाकण एकत्र उघडायचं असेल तर हा फरक हाताला कळतो. लान्सिया स्ट्रॅटोसचं पुढचं आणि मागचं पूर्ण झाकण फायबरचं होतं, सर्व्हिसला अख्खं उघडायचं. चोर्ला घाटापलीकडं गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या दोन सीटच्या गाडीची बॉडीही फायबरचीच.

निपाणी_डेंटर
वजन मान्य. ॲल्युमिनियम घेतलं तर १.२ मिमी पत्रा सव्वातीन किलोवर येतो, पण ते ठोकायला आणि जोडायला वेगळा हात लागतो, तो हितं सहज मिळत नाही. माझं एवढंच की मडगार्डाची खालची कड, जिथं दगड आणि ट्रॅकवरचे प्लास्टिकचे कोन लागतात, ती वेगळी करून बोल्टनं बसवा. मोडली की तेवढीच बदला.

अनगोळ_गॅरेज
हे पटलं. खालची कड वेगळी. मागचं झाकण एकसंध उघडायचंच आहे, म्हणजे फायबरच बरं वाटतंय. आता हवेचं सांगा कुणीतरी. रेडिएटर पुढं आहे, पण दहा मिनिटं इंजिन चाललं की मागची खोली भट्टीसारखी तापते.

मलप्रभाकाठ
मी कॉलेजच्या बाहा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायची स्पर्धा) कूलिंग बघायचे, आता नोकरीतही तेच करते. दादा, तुमच्या रुंद बॉडीचा खरा फायदा इथं आहे. रेनॉ ५ टर्बोच्या फुगवट्यात चाकही बसलं आणि चाकाच्या पुढं हवेचं तोंडही मिळालं. मूळ गाडीचं इंजिन पुढं होतं, ते मागच्या सीटच्या जागी आणल्यावर त्याला हवा देणं भागच होतं. फुगवटा फक्त चाकापुरता केलात तर अर्धी कमाई सोडल्यासारखं होईल.

काही गोष्टी लक्षात ठेवा. बॉडीला चिकटून वाहणारी हवा मंदावलेली असते, आणि दरवाजा ओलांडून मागं येईपर्यंत तो थर जाड झालेला असतो. म्हणून हवेचं तोंड बॉडीच्या पातळीत भोक पाडून करू नका, ते थोडं बाहेर निघालेलं हवं. तोंडाच्या कडा गोल ठेवा, धारदार कडेवर हवा तुटते. त्याहून महत्त्वाचं, आत आलेली हवा बाहेर जाते कुठून? मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती गाड्यांत आत जायला मोठी वाट असते आणि बाहेर जायला काहीच नसतं. गरम हवेला जास्त जागा लागते, म्हणून बाहेरची वाट आतल्यापेक्षा मोठी ठेवा. ती मागच्या झाकणावर किंवा नंबरप्लेटच्या आसपास मागच्या भिंतीत द्या, तिथं दाब कमी असतो. मडगार्डाच्या आतही चाक फिरून दाब साचतो. पुढच्या चाकामागं उभी फट दिलीत तर तो निघून जाईल, आणि चाकामागचा चिखलही.

बॉडी अजून प्लगच्या अवस्थेत असताना दोऱ्याची परीक्षा करता येत नाही, पण पहिली कच्ची बॉडी चढली की लोकरीचे बोटभर लांब धागे सगळीकडं चिकटवा आणि बाजूनं दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढा. जिथं धागे सरळ मागं पडतात तिथं हवा चिकटून आहे. जिथं ते गोल फिरतात तिथं हवेचं तोंड ठेवून उपयोग नाही. हवेचं तोंड कायमचं कापण्याआधी हे कराच.

आणि साधं पॉलिएस्टर रेझिन उष्णतेला फार टिकत नाही. ७० ते ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. सायलेन्सरच्या वरच्या भागाला ॲल्युमिनियमची ढाल द्या, बॉडीपासून दोन बोटं अंतर ठेवून. अंतरच काम करतं, नुसता पत्रा चिकटवून काही होत नाही. त्या भागापुरतं व्हिनायल एस्टर (जास्त उष्णता सोसणारं रेझिन) वापरता आलं तर आणखी उत्तम. आणि सीटच्या मागची भिंत पूर्ण बंद पाहिजे, वायरिंगच्या भोकांना ग्रोमेट (रबरी कड्या) हवेत. पेट्रोलची टाकी त्या भिंतीच्या तुमच्या बाजूला नको.

अनगोळ_गॅरेज
ताई, टाकी सध्या तिथंच आहे. हलवतो. धन्यवाद.

जांबोटी_रोड
मी खानापूर भागात बोटींचं आणि टाक्यांचं फायबर काम करतो. दोनच गोष्टी सांगतो, पण त्या टाळू नका.

पहिली गोष्ट ऋतूची. आत्ता पावसात साचा काढू नका. कणकुंबीकडच्या हवेत तर पीव्हीए (माल साच्यातून सुटावा म्हणून लावायचा पातळ थर) सुद्धा वाळत नाही, जेलकोट (रेझिनचा सगळ्यात बाहेरचा थर) चिकट राहतो आणि आत ओलावा धरतो. प्लग आणि छेद आत्ता करा, जेलकोट आणि लॅमिनेट (मॅट-रेझिनचे थर) ऑक्टोबरनंतर. तेव्हा गणपतीचे साचे करणारे कारागीरही मोकळे असतात. त्यातल्या कित्येकांना फायबरचे साचे चांगले येतात आणि मोठ्या वळणदार पृष्ठभागावर मॅट कशी दाबायची याची हाताला सवय असते. मॅट ४५० जीएसएमचे (चौरस मीटरला ग्रॅम) दोन थर आणि आत ३०० चा एक पुरेसा आहे, कडांना एक जादा. झाकणाला आतून फोमच्या पट्टीवर मॅट चढवून बरगड्या द्या, नाहीतर उघडताना हलेल.

दुसरी गोष्ट जिवाची. रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि त्याला वेग देणारं कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका. भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळा, मग हार्डनर. रेझिन कोबाल्ट घातलेलंच मिळत असेल तर तेच घ्या. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून गॉगल घातल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायची. काम उघड्या शेडमध्ये करा, बंद गॅरेजमध्ये स्टायरिनचा वास डोकं धरतो. गॅरेजमध्ये वेल्डिंग चालतं असं वर वाचलं, म्हणून आणखी एक: ज्या दिवशी रेझिन उघडं आहे त्या दिवशी तिथं ठिणगी नको.

टिळकवाडी_१५
वरचा शेवटचा प्रतिसाद धाग्याच्या पहिल्या पानावर लावा कुणीतरी.

अनगोळ_गॅरेज
सगळ्यांचे आभार. आता क्रम असा धरतो: टाकी हलवणे, स्प्रिंगा काढून चाकांची जागा पुठ्ठ्यावर घेणे, प्लायचे छेद कापणे. साचा ऑक्टोबरमध्ये. मच्छेचे दादा, छेद तुमच्या बँडसॉवर कापून मिळतील का? माझ्याकडं जिगसॉ आहे, पण तो ९ मिमी प्लायवर रेघ सोडतो.

पॅटर्नवाला_मच्छे
मिळतील की. पण ९ मिमी नको, १२ मिमी आणा, फोम घासताना कड चेपत नाही. पुठ्ठे नुसते आणू नका, प्रत्येकावर चासीची मध्यरेषा आणि जमिनीपासूनची उंची लिहा, नाहीतर इथं टेबलावर कुठला पुठ्ठा कुठला ते कळणार नाही. आणि पुढच्या चाकाचे डाव्या-उजव्या वळणाचे वेगवेगळे घ्या. सोमवारी लाइट नसते, मंगळवारी दुपारनंतर या.