द बर्ड्स: कुठला रीइश्यू घ्यावा आणि दुर्मीळ ट्रॅक नेमके कुठे आहेत?

सांजसूर

मंडळी, द बर्ड्स या साठच्या दशकातल्या अमेरिकन रॉक बँडचे पहिले सहा अल्बम एकदाचे नीट जमवायचे आहेत, म्हणजे 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' (१९६५) ते 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' (१९६८). आवृत्त्यांचा मात्र नुसता गुंता आहे. ऐंशीच्या दशकातल्या जुन्या सीडी आहेत, १९९६-९७ च्या कोलंबिया/लेगसीच्या बोनस ट्रॅकवाल्या आहेत, १९९० आणि २००६ असे दोन बॉक्स सेट आहेत, वर मोनोची (दोनऐवजी एकाच चॅनलच्या मिक्सची) भानगड वेगळीच.

१९९६ च्या सीडींवर 'रीमास्टर' लिहिलेलं असतं, म्हणजे जुनाच मिक्स नव्याने साफ केलेला, पण काही जण त्यांना सरळ रीमिक्स, म्हणजे आवाज-वाद्यांचा तोल नव्याने बांधलेला, म्हणतात. खरं काय? 'एट माइल्स हाय'चं आरसीए स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आणि बँडचा तेव्हाचा नवा गायक ग्रॅम पार्सन्स याच्या आवाजातली 'स्वीटहार्ट'ची गाणी मिळवायला बॉक्स सेट घ्यावाच लागतो का? आणि मोनोसाठी जुनी तबकडी शोधण्यात अर्थ आहे का?

'सगळंच घेऊन टाका' हे उत्तर कृपया नको.

बारातारी

रीमास्टर की रीमिक्स, याचं उत्तर अल्बमनुसार बदलतं. पहिल्या चार अल्बमांच्या ('मिस्टर टॅम्बुरीन मॅन', 'टर्न! टर्न! टर्न!', 'फिफ्थ डायमेन्शन', 'यंगर दॅन येस्टरडे') १९९६ च्या सीडींमध्ये रीमिक्सचा भाग आहे, आणि हे कुणी लपवलेलं नाही. त्या मालिकेचे निर्माते बॉब अर्विन यांनीच कारण सांगितलं होतं. हे अल्बम इतके खपले की स्टिरिओ मास्टर टेप वापरून वापरून झिजल्या, आणि हाताशी उरल्या त्या मूळ टेपच्या दोन-तीन पिढ्या खालच्या नकला. टेपची प्रत्येक नक्कल हिस वाढवते आणि वरच्या पट्टीतला तपशील खाते. म्हणून मल्टिट्रॅकपर्यंत (आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेल्या टेपपर्यंत) मागे जाऊन, मूळ मिक्स समोर ठेवून, जमेल तितका तसाच मिक्स पुन्हा बांधला.

'जमेल तितका' यातच सगळी गोम आहे. फेड कुठे सुरू होतो, आवाजांवरचा रिव्हर्ब किती, टॅम्बुरीन कितपत पुढे, या गोष्टी हुबेहूब जुळत नाहीत. मात्र बँडचा गिटारवादक मॅग्विन याच्या रिकनबॅकर बारातारी गिटारची पहिली झंकार या सीडींवर जितकी स्वच्छ आहे तितकी ऐंशीच्या दशकातल्या सीडींवर नाही. त्या गिटारला रेकॉर्डिंगच्या वेळीच जबर कॉम्प्रेशन दिलेलं आहे. म्हणून स्वर तुटत नाही, लांबत जातो. अशा आवाजावर मास्टरिंगमध्ये आणखी ट्रेबल चढवला की तो कानात टोचतो. अनेक स्वस्त संकलनांवर नेमकं हेच झालंय, ती घेऊ नका.

बोनसच्या बाबतीत १९९६-९७ ची फेरी श्रीमंत आहे. आरसीएचं 'एट माइल्स हाय' 'फिफ्थ डायमेन्शन'च्या सीडीवरच आहे, त्यासाठी बॉक्स सेट अजिबात नको. ते रेकॉर्डिंग डिसेंबर १९६५ चं. कोलंबियाने ते नाकारलं, कारण ते त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओतलं नव्हतं. मग जानेवारी १९६६ मध्ये गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं आणि तेच मार्चमध्ये सिंगल म्हणून आलं. आरसीएचं रूप आधी १९८७ च्या 'नेव्हर बिफोर' या संकलनावर बाहेर पडलं. बँडमधल्या डेव्हिड क्रॉस्बीला तेच जास्त पसंत होतं. माझं मत उलट आहे: सिंगलमधला सोलो जास्त धारदार आणि बेतलेला वाटतो.

त्याच सीडीवरचं 'व्हाय'ही तपासा. या गाण्याची तीन रेकॉर्डिंग आहेत: आरसीएचं, 'एट माइल्स हाय'च्या मागच्या बाजूचं आणि 'यंगर दॅन येस्टरडे'साठी १९६६ च्या अखेरीस नव्याने केलेलं. पहिली दोन 'फिफ्थ डायमेन्शन'च्या सीडीवर, तिसरं पुढच्या अल्बमवर. फाइलींना नावं देताना तिन्हींचं नाव नुसतं 'व्हाय' ठेवलंत की म्युझिक प्लेअर त्यांना डुप्लिकेट समजणार. नावातच 'आरसीए', 'सिंगल', 'अल्बम' लिहून ठेवा.

मोनोमंत्र

बारातारी, तुमचं बरंचसं पटतं, पण १९९६ ची सीडी घेऊन 'मला १९६५ चा अल्बम मिळाला' असं म्हणता येणार नाही. १९९६ साली केलेला मिक्स १९९६ चाच, मग तो कितीही प्रेमाने केलेला असो. त्या काळी बर्ड्स लोकांच्या कानावर पडले ते एएम रेडिओवरून आणि मोनो सिंगलवरून. मोनो मिक्स वेगळा, मुद्दाम बसवलेला होता. स्टिरिओचे दोन चॅनल एकत्र केले की तो मिळेल असं समजू नका. बेरीज केली की मधोमध ठेवलेली वाद्यं आणि आवाज कडेच्या वाद्यांच्या मानाने वर येतात आणि तोल बिघडतो.

जुनी तबकडी घेणार असाल तर आधी क्रमांक पाहा. कोलंबियाच्या अमेरिकन मोनो प्रती 'सीएल'ने सुरू होतात, स्टिरिओ 'सीएस'ने. पहिला अल्बम मोनोत सीएल २३७२, स्टिरिओत सीएस ९१७२. 'टर्न! टर्न! टर्न!' २४५४ आणि ९२५४, 'फिफ्थ डायमेन्शन' २५४९ आणि ९३४९, 'यंगर' २६४२ आणि ९४४२, 'द नटोरियस बर्ड ब्रदर्स' २७७५ आणि ९५७५. यातली 'नटोरियस'ची मोनो प्रत सगळ्यात दुर्मीळ, कारण १९६८ च्या सुरुवातीला मोनोची छपाई आवरती घेतली जात होती. 'स्वीटहार्ट' अमेरिकेत फक्त स्टिरिओत आला, मोनो हवा असेल तर ब्रिटिश सीबीएसची प्रत शोधावी लागते.

लेबल लाल हवं, दोन बाजूंना एकेक 'डोळा' असलेलं. नारिंगी लेबलावर कडेने कोलंबियाचं नाव पुन्हा पुन्हा छापलेलं दिसलं तर ती १९७० नंतरची छपाई. पण लेबलावर थांबू नका. आतल्या रिकाम्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उजेडात तिरका धरून वाचा: मोनोला 'एक्सएलपी', स्टिरिओला 'एक्सएसएम', आणि शेवटी '१ए', '१बी' असं काहीतरी. '१ए' म्हणजेच पहिली प्रत, असं सांगून विक्रेते भाव चढवतात. त्याला भुलू नका. कोलंबिया एकाच वेळी अनेक लॅकर (छपाईचा साचा ज्यांवरून बनतो त्या चकत्या) कापून वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवत असे, त्यामुळे '१ए' आणि '१डी' एकाच आठवड्यातल्याही असू शकतात. खाचांची झीज, कागदी कव्हरमुळे पडलेले ओरखडे, हे त्या अक्षरापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

वाजवताना: जुन्या मोनो खाचेला २५ मायक्रॉनची गोल सुई चांगली बसते. नेहमीची १८ मायक्रॉनची स्टिरिओ सुईही चालते, पण जुन्या जड टोनआर्मने खाच जिथे झिजवली आहे तिथे ती जास्त खोल जाते आणि खरखर वाढते. अशा वेळी २५ ची सुई झिजलेल्या पट्ट्याच्या वर बसते. कुठलीही सुई असो, अॅम्प्लिफायरवरचं मोनो बटण दाबा. खाचेतली उभी हालचाल मोनो रेकॉर्डमध्ये संगीत वाहत नाही, फक्त धूळ आणि गडगड वाहते. दोन्ही चॅनल एकत्र झाले की ती आपोआप कटते.

उत्खनक

'स्वीटहार्ट'चं मी सांगतो, कारण इथे चुकीची सीडी घेणारे सर्वात जास्त.

पार्सन्सचा ली हेझलवुडच्या एलएचआय लेबलशी आधीचा करार होता. दाव्याची धमकी आली आणि तीन गाण्यांवरचा त्याचा मुख्य आवाज बदलला गेला: 'द ख्रिश्चन लाइफ', 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' आणि 'वन हंड्रेड इयर्स फ्रॉम नाऊ'. बदल फक्त कायद्यापोटी झाला की एका नवख्या गायकाच्या हाती अख्खा अल्बम जाऊ नये म्हणूनही, यावर त्यात सामील असलेल्यांचीच मतं जुळत नाहीत. 'हिकरी विंड', 'यू आर स्टिल ऑन माय माइंड' आणि 'लाइफ इन प्रिझन' त्याच्याच आवाजात राहिली.

आता गोंधळ असा. १९९७ च्या सीडीवर 'ख्रिश्चन लाइफ' आणि 'वन हंड्रेड इयर्स' पार्सन्सच्या आवाजात आहेत, पण ती तालमीची रेकॉर्डिंग आहेत. पूर्ण झालेल्या मास्टरवरचा त्याचा आवाज हवा असेल तर १९९० चा बॉक्स सेट किंवा २००३ ची दोन सीडींची लेगसी आवृत्ती. तिन्ही गाणी तिथे आहेत. २००३ च्या आवृत्तीत भर म्हणून इंटरनॅशनल सबमरीन बँडची, म्हणजे पार्सन्सच्या आधीच्या बँडची गाणी आहेत. शिवाय 'ऑल आय हॅव आर मेमरीज'ही ड्रमर केविन केलीच्या आवाजात आहे. १९९७ च्या सीडीवर त्याचं नुसतं वाद्यसंगीत मिळतं.

आणि एक करून पाहा: १९६८ च्या मूळ मिक्समधलं 'ख्रिश्चन लाइफ' बंद हेडफोनवर ऐका. मॅग्विनच्या आवाजामागे पार्सन्सचा पुसट आवाज अजून तिथे आहे. पूर्ण पुसला गेलाच नाही.

१९९० चा बॉक्स फक्त या गाण्यांसाठी घेण्यात आता अर्थ नाही. त्यात मॅग्विन, क्रॉस्बी आणि हिलमन या मूळ सदस्यांनी १९९० मध्ये नव्याने केलेली चार गाणी आहेत. ती हवी असतील तरच तो घ्या. नसली तरी कुणाचं काही अडत नाही.

सांजसूर

हे फार उपयोगी पडलं. आता 'स्वीटहार्ट' २००३ चा घेणार हे ठरलं. दोन शंका. 'प्रीफ्लाइट', म्हणजे बँडच्या सुरुवातीच्या डेमोंचं संकलन, त्याच्या इतक्या रूपांपैकी कुठलं? आणि माझ्याकडे 'मोनो' म्हणून आलेली एक फाइल आहे, ती खरी मोनो आहे की स्टिरिओची बेरीज, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्खनक

'प्रीफ्लाइट'साठी सनडेझ्ड लेबलची २००१ ची 'द प्रीफ्लाइट सेशन्स', दोन सीडी. मूळ 'प्रीफ्लाइट' १९६९ मध्ये टुगेदर रेकॉर्ड्सने काढला आणि त्यात १९६४ च्या डेमोंचा एक वेचाच होता. १९८८ चा 'इन द बिगिनिंग' मधला टप्पा. २००१ चा संच असला की मागचे दोन्ही लागत नाहीत. त्यातलं 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' जरूर ऐका. लष्करी कूच असावी तसे ड्रम आहेत आणि पुढच्या सिंगलचा मागमूस नाही. त्या सिंगलवर बँडपैकी वाद्य वाजवणारा एकटा मॅग्विन होता, ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टल. डेमो आणि सिंगल पाठोपाठ लावले की निर्माता टेरी मेल्चरने भाडोत्री वादक का आणले ते लगेच कळतं.

बारातारी

फाइलचं असं करा. ऑडॅसिटीमध्ये उघडा, स्टिरिओ ट्रॅक डाव्या-उजव्या दोन ट्रॅकमध्ये वेगळा करा, एकाला 'इन्व्हर्ट' लावा, दोन्ही मोनोत मिसळा. संपूर्ण शांतता आली तर दोन्ही चॅनल तंतोतंत एक आहेत. तबकडीवरून घेतलेली फाइल असेल तर थोडी खरखर उरणारच. पण गाण्याचे शब्द ऐकू येत असतील तर ती मोनोच नाही.

याने फक्त 'मोनो आहे' इतकंच सिद्ध होतं. बेरीज आहे का हे पाहायला तेच गाणं स्टिरिओ सीडीवरून घ्या, मोनोत मिसळा आणि दोन्ही फाइली पहिल्या ठोक्यावर जुळवा. लहरी पुरत्या मोठ्या करून जुळवा, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. आवाजाची पातळी सारखी करा, एक इन्व्हर्ट करा, दोन्ही एकत्र वाजवा. जवळपास सगळं नाहीसं झालं तर तुमची 'मोनो' ही बेरीज आहे.

नाहीसं झालं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. दोन वेगळ्या टेप-यंत्रांच्या वेगात ०.१ टक्का फरक असला तरी तीन मिनिटांत जवळजवळ ०.१८ सेकंदांची तफावत पडते, मग मिक्स एकच असूनही काही कटत नाही. सुरुवातीला कटतंय आणि पुढे हळूहळू उघडं पडतंय असं झालं तर संशय वेगावर घ्या. तेव्हा कानच वापरा. फेडची लांबी आणि टॅम्बुरीनची पातळी या दोन जागा आधी तपासा.

मोनोमंत्र

आणि सुरुवात स्टिरिओ सीडी १९९६ ची घेऊन करू नका. पहिल्या चार अल्बमांत ती रीमिक्स असल्यामुळे जुन्या स्टिरिओच्या बेरजेशीही जुळणार नाही, आणि तुम्ही खोट्या मोनोला खरी ठरवाल. या तपासणीपुरती ऐंशीच्या दशकातली भिकार सीडी कामाची.

खरखरनको

एक राहिलंच. या मालिकेत काही सीडींच्या शेवटच्या ट्रॅकमागे, शांततेनंतर, लपवलेला मजकूर आहे. 'नटोरियस'च्या १९९७ च्या सीडीवर रेडिओची जाहिरात आणि 'डॉल्फिन्स स्माइल'च्या रेकॉर्डिंगमधलं स्टुडिओतलं भांडण आहे, क्रॉस्बी ड्रमर मायकेल क्लार्कवर उखडलेला. रिप करताना, म्हणजे सीडी संगणकावर उतरवताना, 'शेवटची शांतता कापा' हा पर्याय बंद ठेवा. काही प्रोग्राम लांब शांतता दिसली की ट्रॅक तिथेच संपला असं धरतात आणि भांडण गायब होतं. रिप झाल्यावर शेवटच्या फाइलची लांबी सीडी प्लेअरवरच्या लांबीशी ताडून पाहा. मग हवं तर शांततेच्या मध्ये कापून वेगळी फाइल करा. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ तसंच ठेवा, नॉर्मलाइझ करू नका, आणि एमपी३ कापण्यापेक्षा फ्लॅक (दर्जा न घटवणारी फाइल) कापा.