व्यवसाय शिक्षण की पदवी: कामाला लागल्याचे आकडे कसे वाचायचे?

काठावरची
व्यवसाय अभ्यासक्रम करून बाहेर पडलेली मुलं आणि साधारण पदवीची मुलं, यांच्यावर एक टिपण लिहिते आहे. २० ते २४ वयोगटात पहिल्या गटाचा बेरोजगारी दर बराच कमी दिसतोय. ‘व्यवसाय शिक्षणाने काम लवकर मिळतं’ असं यावरून लिहिलं तर चालेल का? आणि एखादा अभ्यासक्रम कामाचा आहे की नुसता नावाला, हे माहितीपत्रक बाजूला ठेवून कसं ओळखायचं?

छेद_आणि_अंश
त्या आकड्याच्या जोरावर तरी लिहू नका. घोळ छेदात आहे. बेरोजगारी दर काढताना छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे येतात, नुसते शिकणारे येत नाहीत.

समजा पदवीच्या वाटेवरचे १०० जण आहेत: ६० शिकताहेत, ३० कामावर, १० शोधात. दर झाला ४० पैकी १०, म्हणजे २५ टक्के. व्यवसायवाले १००: २० शिकताहेत, ६८ कामावर, १२ शोधात. ८० पैकी १२, म्हणजे १५ टक्के. आता तेच शोधात असलेले सरळ शंभरावर मोजा: १० आणि १२. क्रमच उलटला!

दुसरी मेख उमेदवारीची, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याची. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय मोजणीत, पाहणी ज्या आठवड्याबद्दल विचारते त्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. त्यामुळे वेतन घेणारा शिकाऊ उमेदवार शिकत असतानाच ‘कामाला लागलेला’ ठरतो.

म्हणून वयोगट सोडा आणि शिक्षण संपल्याच्या तारखेपासून मोजा. ६, १२ आणि ३६ महिन्यांनी काय स्थिती आहे, आठवड्याचे तास किती, करार कायम की मुदतीचा, काम शिकलेल्या विषयातलं की भलतंच. उमेदवारी झाली त्याच कंपनीत राहिलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. त्यांनी नोकरी शोधलेलीच नसते, आणि पहिल्या वर्षातला बराचसा फरक त्यांच्यामुळे पडू शकतो.

फळा_डस्टर
छेद सुधारला तरी निवडीचा प्रश्न उरतोच. दोन्हीकडे जाणारी मुलं मुळात सारखी नसतात: गुण वेगळे, घरची परिस्थिती वेगळी. रुमानियात १९७३च्या सुधारणेनंतर व्यवसाय शाळेत गेली असती अशा मुलांना आणखी दोन वर्षं सामान्य शिक्षण मिळालं. आगेमागे जन्मलेल्या तुकड्यांची तुलना केली तेव्हा पुरुषांमध्ये हातकामाच्या नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या, पण कमाईत आणि कामावर असण्यात फरक सापडला नाही. स्वीडनने दोन वर्षांचे व्यवसाय अभ्यासक्रम तीन वर्षांचे करून त्यात सामान्य विषय वाढवून पाहिले. कमाई काही वाढली नाही, उलट कमी गुणांची मुलं मधेच सोडण्याचं प्रमाण वाढलं. वर्ग वाढवले की सगळं सुधारतं, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता दुसरी बाजू. अर्थतज्ज्ञ हानुशेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ११ देशांची आकडेवारी तपासली. व्यवसाय शिक्षितांना सुरुवातीला मिळणारी आघाडी वयाबरोबर घटत जाते आणि उतारवयात सामान्य शिक्षणवाले पुढे जातात. जर्मनी, डेन्मार्क, स्वित्झर्लंड अशा उमेदवारीप्रधान देशांत हे जास्त ठळक. मात्र ही एकाच वेळची आकडेवारी आहे. त्यातला पन्नाशीचा माणूस आणि विशीचा मुलगा वेगवेगळ्या काळात शिकलेले, हे टिपणात लिहाच.

मायक्रोमीटर
ओळखायचं कसं, त्याबद्दल. ‘व्यवसाय शिक्षण’ हे एकच नाव दोन फार वेगळ्या गोष्टींना लावतात: शाळेच्या कार्यशाळेतलं आणि कामाच्या जागेवरचं. जर्मनीच्या दुहेरी पद्धतीत साधारणपणे आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत. लेखी करार, एक ते चार महिन्यांचा परिवीक्षा काळ, आणि दरवर्षी वाढणारं वेतन. १९६९ पासून हे कायद्याने बांधलेलं आहे.

जागेचा फरक कुठे पडतो ते लेथवर दिसतं. २५ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा शाफ्ट, मर्यादा २४.९८७ ते २५.०००. खरवडून झाल्या झाल्या मुलाने मोजला, मायक्रोमीटरवर २४.९९०. खूश! पण शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांनी गरम होता. गार झाल्यावर तो साधारण ०.०१२ ने आकसतो आणि २४.९७८ भरतो. बाद. हेच शाळेत झालं तर दोन गुण जातात. कंपनीत आख्खी खेप परत येते, आणि मग मोजण्याआधी थांबायची सवय लागते.

म्हणून हे विचारा: करार कोणाशी? आठवड्याचे किती दिवस जागेवर? शिकवणारा कारागीर नेमलेला आहे का, आणि लॉगबुकावर दर आठवड्याला त्याचीच सही असते का? परीक्षा कोण घेतं? शिकवणाराच घेत असेल तर बाहेरचा मालक त्या प्रमाणपत्राला फारशी किंमत देत नाही. लॉगबुकात महिनोन्‌महिने ‘मदतनीस’, ‘साफसफाई’, ‘साहित्य आणणे’ एवढंच असेल तर तिथे फुकटचा हमाल ठेवला आहे असं समजा. आणि गणित, आकृतीवाचन वगळलंय का ते बघा. यंत्र बदललं की मुलगा अडतो तो इथेच.

काठावरची
आभार, छेद दुरुस्त करते. माझ्याकडच्या एका अभ्यासक्रमात अडीच वर्षं वर्ग आणि शेवटचे सहा महिने कंपनीत आहेत. तो कशात धरायचा?

मायक्रोमीटर
शाळेतल्यात धरा. शिकाऊ मुलगा सुरुवातीला कंपनीला महाग पडतो आणि हात बसल्यावर ते भरून देतो. सहा महिन्यांत तो फेडीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे शिकवण्यात कंपनीचा जीव नसतो. शिवाय जागेवर जे चुकतं ते घेऊन परत वर्गात यायची सोय राहत नाही. तेच सहा महिने दुसऱ्या वर्षापासून तुकड्यांत विभागलेले असतील तर वेगळा रकाना करा.

छेद_आणि_अंश
आणि बाहेर पडल्याचं वर्ष नोंदवा. कॅनडातल्या पदवीधरांवरच्या २०१२च्या अभ्यासात मंदीत बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती, आणि ती तूट भरायला दहाएक वर्षं गेली. दोन तुकड्या वेगवेगळ्या वर्षांच्या असतील तर तुम्ही अभ्यासक्रमाऐवजी बाजारच मोजत बसाल.