उन्हाळा त्यांचा, पावसाळा आपला

सोसायटीचा मराठी ग्रुप, अकोटा, बडोदे
शनिवार

मेधा: सगळ्यांचा सल्ला हवाय. सईला एका अमेरिकी कंपनीचा मेल आलाय. हायस्कूलच्या मुलांसाठी पब्लिक पॉलिसीचा ऑनलाइन समर रिसर्च प्रोग्राम. आठ आठवडे, शेवटी स्वतःचा पेपर. तिने अर्ज केला होता, निवड झाली म्हणतायत. फी २,४०० डॉलर. गुरुवारपर्यंत भरली नाही तर जागा दुसऱ्याला देणार. कुणाच्या मुलांनी असं काही केलंय का?

सुहासकाका: अभिनंदन सई! सविस्तर नंतर लिहितो. सर्वांना सूचना: टँकर चारला येतोय, सी विंगखालच्या गाड्या हलवा.

मिलिंद: २,४०० म्हणजे दोन लाखांच्या पुढे गेलं. परदेशी पाठवलेली रक्कम वर्षाला १० लाखांच्या आत असली तर टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) लागत नाही, ती काळजी नको. कार्डाने भरलंत तर बँक वर फॉरेक्सचा टक्का लावेल. बाकी सीए म्हणून मला एवढंच बोलता येतं, बाप म्हणून विचाराल तर महाग आहे.

केदार: मेधाताई, लाइव्ह क्लास किती वाजता आहेत?

मेधा: मंगळवार-गुरुवार, दुपारी ४ ते ६ ईस्टर्न. ३० जूनपासून.

केदार: म्हणजे आपल्याकडे रात्री दीड ते साडेतीन. त्यांच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं.

मिलिंद: त्या वेळी आमच्या विंगचा वॉचमनसुद्धा जागा नसतो 😄

अनघाकाकू: मला वेळेपेक्षा तारखेचं वाटतं. ३० जून म्हणजे अमेरिकेतल्या मुलांना सुट्टी. आपल्याकडे तेव्हा शाळा ऐन भरात. सई बारावीला ना यंदा? सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन गेलेलं असतं, जुलैत युनिट टेस्ट, प्रॅक्टिकलच्या फायली. मेमध्ये पोर रिकामी होती तेव्हा यांचा प्रोग्राम नव्हता. ‘समर’ हा शब्द कुणाच्या समरचा ते आधी बघायचं.

नीलिमा: मेधा, आमच्या ओंकारने गेल्या वर्षी एक केला होता, नाव नाही लिहीत इथे. ‘वन ऑन वन मेंटॉर’ म्हणाले होते, प्रत्यक्षात पाच मुलांत एक पीएचडी करणारा विद्यार्थी. मुलगा बिचारा चांगला होता, पण त्याचा विषय आरोग्य विमा आणि ओंकारचा शहरातला कचरा. शेवटच्या आठवड्यात कळलं की पेपर छापायचे पैसे वेगळे. आम्ही नाही भरले. पण एक सांगते, संदर्भ कसा द्यायचा, कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे तो तिथेच शिकला. शाळेत प्रोजेक्ट म्हणजे कॉपी-पेस्ट आणि वर रंगीत कव्हर. तेव्हा अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

मेधा: हेच तर! शाळेत कुणी शिकवत नाही म्हणून तर बाहेर बघतोय.

केदार: जेवून बसलोय, आता मोठं लिहितो. मी पब्लिक पॉलिसीतच मास्टर्स केलं, तेव्हा हा धंदा आतून बघितलाय. सगळे एका माळेचे मणी नाहीत.

एक प्रकार विद्यापीठांचे स्वतःचे प्री-कॉलेज कोर्स. ब्राउनसारखी विद्यापीठं ते ऑनलाइनही चालवतात. शिकवणं बरं असतं, फी जबर. आणि त्याने पुढे त्याच विद्यापीठात प्रवेश मिळतो असं मुळीच नाही.

दुसरा प्रकार खासगी कंपन्या, मेंटॉर जोडून देणाऱ्या. त्यातही फरक आहे. पायोनियर अ‍ॅकॅडेमिक्सचं काम ओबर्लिन कॉलेजच्या क्रेडिटला जोडलेलं आहे, म्हणजे कुणीतरी बाहेरचा दर्जा तपासतो. बाकी बऱ्याच ठिकाणी तपासणारी आणि पैसे घेणारी कंपनी एकच. २०२३ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने यावर मोठा लेख केला होता: पैसे घेऊन शाळकरी मुलांकडून पेपर लिहून घ्यायचे, मग ते छापायला खास काढलेली ऑनलाइन जर्नल्स. अ‍ॅडमिशनवाल्यांना हे माहीत नाही असं समजू नका.

तिसरा प्रकार खरोखर चुरशीचा आणि फुकट. उदाहरणार्थ टेल्युराइड असोसिएशनचा उन्हाळी कार्यक्रम, शिकवणं-राहणं-जेवण सगळं त्यांच्याकडून. पण तो तिथे जाऊन राहायचा असतो, आणि विषय समाज-इतिहासाकडे झुकलेले.

मिलिंद: पण केदार, अमेरिकेत अर्ज करायचा असेल तर असं काहीतरी दाखवावं लागतंच ना? आमच्या क्लायंटच्या मुलीने तीन केले.

केदार: कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे तिथल्या बऱ्याच कॉलेजांच्या सामायिक अर्जात, अ‍ॅक्टिव्हिटीच्या १० जागा असतात, वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं. वाचणारा बघतो मुलीने काय शोधलं ते.

अनघाकाकू: आणि इथेच शिकायचं असेल तर याचा उपयोग आणखी कमी. सीयुईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, तुमचं सर्टिफिकेट कोण विचारतो? कायद्याच्या क्लॅटचंही तेच. निबंध आणि मुलाखत घेणारी खासगी विद्यापीठं आहेत, तिथे निदान बोलायला विषय मिळतो. मेधा, जायचं कुठे आहे तिला?

मेधा: अजून ठरलं नाहीये काकू. अर्थशास्त्र किंवा कायदा म्हणते.

सई: मी पण ग्रुपवर आहे बरं का 🙂 मला सर्टिफिकेट नकोय. मी एक लिहायला घेतलंय, विश्वामित्रीच्या पुरावर. १२ पानं झाली. शाळेत मॅडमना दिलं तर ‘व्हेरी गुड’ लिहून परत आलं. मला कुणीतरी वाचून ‘हे चुकलंय’ असं सांगणारं हवंय, म्हणून अर्ज केला.

नीलिमा: 👏👏

अनघाकाकू: सई, प्रश्न काय घेतलायस? एका वाक्यात लिही.

सई: ‘बडोद्यात पूर का येतो आणि त्यावर उपाय काय?’

अनघाकाकू: यावर समित्या बसल्या, हरित लवादाचा २०२१ चा आदेश आहे, इंजिनियर लोकांनी उभी हयात घातली. तुझ्या १२ पानांत मावायचा नाही. धोरणाचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर कुणीतरी उद्या अमलात आणू शकेल. पाऊस वर पडतो, आजवा आणि प्रतापपुरा हे तलाव भरतात, पाणी विश्वामित्रीत येतं, काळाघोड्याच्या पुलापाशी पातळी चढते. २६ फूट ही धोक्याची खूण. २०२४ च्या ऑगस्टात ३५ च्याही वर गेली. आता यातला एकच दुवा उचल: पाणी येतंय हे महापालिकेला कळल्यापासून अकोट्यातल्या माणसाला कळेपर्यंत किती तास गेले?

सई: ओह

केदार: काकू, क्लास! यालाच आमच्याकडे वॉर्निंग लीड टाइम म्हणायचे. आणि याचं उत्तर मोजता येतं.

सुहासकाका: मोजायला काय, आमची पार्किंगमधली मोटार पाण्यात गेली तेव्हा कळलं. पण खरंच, त्या दिवशीचे मेसेज याच ग्रुपवर आहेत. कोण कधी काय म्हणालं, मिनिटासकट.

केदार: काका, सोनं आहे ते! पुराचा सरकारी अहवाल कुणालाही मिळेल. पण लोकांना केव्हा कळलं याची नोंद अशा ग्रुपमध्येच असते. आसपासच्या चार-पाच सोसायट्यांचे ग्रुप मिळाले तर नकाशावर मांडता येईल.

दाते आजोबा: मी व्हॉइसने लिहितो चुका होतील. पोरी तुला धोरण म्हणजे काय ते बघायचं असेल तर अमेरिका कशाला. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण एकदम सगळीकडे नाही लावलं. १८९३ साली आधी अमरेलीकडच्या थोड्या गावांत करून बघितलं. मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मधली १३ वर्षं काय केलं तर बघितलं. शाळा किती लागतात मास्तर किती लागतात लोक मुलं पाठवतात का. पुढे गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याला कौन्सिलात बिल मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. बिल पडलं ते वेगळं.

अनघाकाकू: आजोबा, आमच्या वर्गात मी हेच उदाहरण द्यायची. आधी लहान जागी करून बघणं, याला आज पायलट म्हणतात आणि त्याचे कोर्स विकतात.

दाते आजोबा: आणि दफ्तरात कागद आहेत जुने. मोडी वाचता येत असेल तर या. मला येते अजून.

सई: आजोबा नक्की!! पण आधी पूर.

मेधा: बरं, आता प्रोग्रामचं काय करू ते सांगा. गुरुवार जवळ येतोय.

केदार: त्यांना आजच मेल टाका. मेंटॉरचं नाव आणि त्याचं छापलेलं काम. मसुदा किती वेळा वाचून देणार, लेखी की तोंडी. एका मेंटॉरकडे मुलं किती. आशियाची बॅच आहे का. छपाईचे वेगळे पैसे आहेत का. आणि फीमाफीचा अर्ज अजून करता येतो का, बऱ्याच ठिकाणी ती असते पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रविवार

मेधा: उत्तर आलं. आशियाची बॅच आहे, आपली संध्याकाळी साडेसातची. फीमाफी ‘या फेरीत संपली’. मेंटॉरचं नाव फी भरल्यावर सांगणार.

मिलिंद: फ्लॅट न दाखवता टोकन मागतायत.

नीलिमा: आमचंही अगदी असंच झालं होतं.

केदार: माझं मत, सोडून द्या. वेळ जुळली, बाकी काही नाही. माणूस कोण ते सांगत नसतील तर आपण दोन लाख कशाचे देतोय?

मेधा: सईचे बाबा म्हणतात, शिस्त लागली असती. डेडलाइन, सादरीकरण वगैरे. घरी कुणी मागे लागत नाही.

अनघाकाकू: हा मुद्दा खरा आहे, त्याला हसू नका. घरचं काम दिवाळीपर्यंत रेंगाळतं. मी असं करते, दर रविवारी ११ ला सईने दोन पानं घेऊन माझ्याकडे यायचं. पानं नसली तर यायचं नाही. केदार महिन्यातून एकदा वाचेल. चालेल ना रे?

केदार: चालेल. सई, पहिलं काम: १२ पानं बाजूला ठेव. पॉलिसी ब्रीफ चार पानांचा असतो आणि कुणाला तरी उद्देशून असतो. तुझा महापालिका आयुक्तांना. त्यांना वेळ १० मिनिटं. अडचण काय, पुरावा काय, पर्याय कुठले, प्रत्येकाला खर्च किती आणि गैरसोय कुणाची, मग तुझी शिफारस. ‘जनजागृती करावी’ असं लिहिलंस तर मी पुढे वाचणार नाही.

सई: 😅 ते लिहिलंय मी. तीनदा.

अनघाकाकू: सगळेच लिहितात. आजव्याच्या आणि काळाघोड्याच्या तासातासाच्या पातळ्या माहितीच्या अधिकारात माग. अर्ज आईच्या नावाने कर, ३० दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. म्हणजे आत्ताच टाक, नाहीतर पुढचा पूर येईल तरी आकडे नसतील. ‘पुराची सर्व माहिती द्यावी’ असं नको, तारीख आणि ठिकाण घालून माग. तोवर त्या आठवड्याची वर्तमानपत्रं सेंट्रल लायब्ररीत बघ, मांडवीला.

मिलिंद: अर्जाचा मसुदा मी बघतो. कुणाकडे किती दिवसांत अपील करायचं तेही सांगेन, लागेलच.

सई: थँक्यू काका. सुहासकाका, ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून द्याल?

सुहासकाका: देतो, पण सर्वांना विचारून. लोकांचे नंबर आहेत, कुणाच्या आईला हलवल्याचे निरोप आहेत, भांडणं आहेत. सभेत विषय घेऊ का?

केदार: सभा नको, काका, पावसाळा संपेल. सई, तू स्वतः मेसेज टाक. काय घेणार, कशासाठी, नावं-नंबर काढणार, आणि ज्याला नको त्याने फक्त ‘नको’ म्हणायचं, कारण द्यायला लागू नये. संशोधनात संमती घ्यायची ती अशीच.

सई: नमस्कार. मी बी-३०२ मधली सई. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराच्या आठवड्यातले या ग्रुपवरचे मेसेज मला अभ्यासासाठी हवे आहेत. पुराची सूचना आपल्यापर्यंत कधी आणि कुणाकडून पोचली एवढंच बघणार आहे. नावं, नंबर, फ्लॅट नंबर, फोटो यातलं काही लिहिणार नाही. मुलांचे मेसेज घेणार नाही. ज्यांचे मेसेज नको असतील त्यांनी इथे किंवा मला वेगळं कळवा, नंतर मन बदललं तरी चालेल. लिहून झालं की आधी ग्रुपवर टाकेन.

दाते आजोबा: माझे घे.

नीलिमा: आमचेही घे. ओंकार नकाशा करून देईन म्हणतोय, त्याला ते येतं.

मिलिंद: घे. फक्त गेटपाशी मगर दिसल्यावर रात्री मी जे काही लिहिलं होतं ते वगळ.

सुहासकाका: ते वगळलं तर सूचना सगळ्यात आधी कुणी दिली याचा पुरावाच जाईल. आम्हाला पाणी चढतंय हे त्या शिव्यांवरून कळलं.