मदत हवी आहे: पंधरा वर्षं टिकेल अशी रचना, एकच अ‍ॅप्लिकेशन की मायक्रोसर्व्हिसेस?

नमस्कार मंडळी,

इंदूरला दवा बाजारातल्या एका होलसेल औषध फर्मचं सॉफ्टवेअर मी बघते. दोन गोडाऊन, बिलिंगला तीसेक जण, आणि आयटीत आम्ही तिघं. सिस्टीम व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधली. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केला, तरी आमची सिस्टीम आजही रोज बिलं काढते. पण फॉक्सप्रोत एक टेबल २ जीबीच्या पुढे जात नाही. आमची फाइल तिथवर आली की जुनी वर्षं काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. मग कंपनीने एखादा बॅच परत मागवला की तो कोणाकोणाला गेला हे तीन फोल्डर उघडून शोधायचं. औषधाच्या बाबतीत हे मला मुळीच पटत नाही.

खरी परीक्षा २२ सप्टेंबर २०२५ ला झाली. बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. आमच्याकडे दर आयटम मास्टरमध्ये (मालाच्या मूळ यादीत), एकाच खान्यात. तो बदलला, आणि ऑगस्टच्या बिलावरचा माल परत आला तेव्हा क्रेडिट नोटही (परत मालाची रक्कम वजा करणारा कागद) ५ टक्क्यांनी निघाली. ती मूळ बिलाच्या १२ टक्क्यांनीच हवी. दोन रात्री बसून एकेक नोट हाताने दुरुस्त केली. दराला 'या तारखेपासून' एवढी एक तारीख जोडलेली असती तर ही वेळ आली नसती.

आता नवीन सिस्टीमसाठी दोन कोटेशन आली आहेत. एकात चौदा मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्राम, आणि ते चालवायला-सांभाळायला कुबरनेटिस. दुसऱ्यात एकच अ‍ॅप्लिकेशन आणि पोस्टग्रेस डेटाबेस. आत कर, स्टॉक, बिलिंग, उधारी असे भाग, प्रत्येकाचा स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) वेगळा, कोणी दुसऱ्याच्या टेबलला थेट हात लावायचा नाही.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. एका बॅचच्या शेवटच्या दहा स्ट्रिप दोन काउंटरवर एकदम मागितल्या जातात, हे आमच्याकडे रोजचंच. बिल आणि स्टॉक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतात, नाहीतर एकही नाही) असले तर एकाला मिळतात, दुसऱ्याला 'नाही' दिसतं. सर्व्हिसेस वेगळ्या केल्या की बिल निघालं पण स्टॉकमधून माल कमी झाला नाही, अशा वेळी मागे फिरवायचं कोडही आम्हीच लिहायचं आणि सांभाळायचं. तिघांच्याने ते होईल असं वाटत नाही. पण सेठजी विचारतात, उद्या भोपाळला शाखा काढली तर हेच पुरेल का? मला पुरेल असं वाटतं, पण छातीठोकपणे सांगायला अनुभव नाही.

ज्यांनी अशी एकसंध पण भाग पाडलेली सिस्टीम पाच-सात वर्षं चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावं: घाईच्या कामात भागांमधल्या या भिंती टिकल्या का? आणि त्या राखल्या कशा, डेटाबेसच्या परवानग्यांनी, बिल्डमधल्या (कोडवरून प्रोग्राम तयार होतानाच्या) तपासणीने, की नुसत्या शिस्तीने? दुसरं, बॅचवार विक्री-उधारीचा रिपोर्ट सगळ्या भागांतून डेटा घेतो. त्यासाठी वेगळा रिपोर्टिंग स्कीमा भरत राहता का, की तिथे थेट जॉइनची (वेगवेगळ्या भागांची टेबलं जोडून वाचण्याची) सूट देता?

पंधरा दिवसांत कोटेशनवर सही व्हायची आहे.