मदत हवी आहे: ८० हर्ट्झच्या फिल्टरला कोणता कपॅसिटर लावू?

सबवूफरसाठी सॅलन-की लो-पास फिल्टर (फक्त खालचे, बासचे स्वर पुढे सोडणारं एक प्रचलित सर्किट) बांधलाय. ऑप-अँप (सिग्नल हाताळणारी अँप्लिफायर चिप) टीएल०७२, सप्लाय ±१२ व्होल्ट, रेझिस्टर २० किलोओहम, कपॅसिटर १०० नॅनोफॅरड. सध्या एक्स७आर सिरॅमिक आहेत. आवाज वाढवला की बास खरखरीत होतो. ऑप-अँप बदलला, सप्लाय स्कोपवर स्वच्छ आहे, क्लिपिंगही (सिग्नलची टोकं कापली जाणं) नाही. एक्स७आरची कपॅसिटी व्होल्टेजनुसार बदलते, म्हणून माझा संशय त्यावरच.

कोल्हापुरात मला ५ टक्के टॉलरन्सचे पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर मिळाले. पॉलिप्रॉपिलीन बाहेरून मागवावे लागतील, शिवाय ते आकाराने मोठे; बोर्डावर ५ मिलिमीटर पिचचीच (पायांमधल्या अंतराची) भोकं आहेत आणि बोर्ड बदलायचा नाही.

तर पॉलिएस्टरने ही खरखर जाईल का? की १० नॅनोफॅरडचे सी०जी (व्होल्टेजनुसार जवळपास न बदलणारे सिरॅमिक) लावून रेझिस्टर २०० किलोओहम करू? तसं केल्यास हिस (मागे सतत येणारा 'स्स्स' आवाज) कानाला जाणवण्याइतका वाढेल का?