‘एक्सएमएक्स वाढवा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला आता पुरे

खांडेपार_बिल्ड

गोव्यातल्या डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे आणि ती आता कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचली आहे. तिचा मजकूर थोडक्यात असा: ‘मोठा प्रोजेक्ट उघडला की आउट ऑफ मेमरी येणारच. १६ जीबीच्या लॅपटॉपवर ग्रेडलला १२ जीबी द्या, नोडला ८ द्या आणि विसरा. तरी भागलं नाही तर ३२ जीबीचं मशीन घ्या. लॉग वाचण्यात वेळ घालवू नका.’

लॉग वाचू नका हे वाक्य वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो आहे. (ग्रेडल हे अँड्रॉइडचं अ‍ॅप बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं, साधन, ते जावावर चालतं. नोड जावास्क्रिप्ट चालवतो. हीप म्हणजे प्रोग्रामने ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी, आणि एक्सएमएक्स ही जावाच्या हीपची कमाल मर्यादा.)

मेमरी संपली म्हणजे नक्की कोणाची संपली आणि प्रोसेस स्वतः पडली की तिला कोणी मारलं, हे आधी बघायचं असतं. जावाने ‘जावा हीप स्पेस’ म्हटलं तर हीपची मर्यादा गाठली. ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ आलं तर पॅरलल जीसी (जावाचा कचरा काढणारा भाग) वापरताना ९८ टक्के वेळ सफाईतच जात होता आणि हीप २ टक्केसुद्धा मोकळी होत नव्हती. ‘मेटास्पेस’ आलं तर एक्सएमएक्स कितीही वाढवा, उपयोग नाही. क्लासांची माहिती हीपमध्ये नसतेच, तिथे मॅक्समेटास्पेससाइझ बघावा लागतो.

आणि ‘ग्रेडल बिल्ड डेमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली’ एवढंच दिसलं तर? डेमन म्हणजे मागे चालत राहणारी प्रोसेस. तिथे जावाला तक्रार करायलाही वेळ मिळालेला नसतो, प्रोसेस बहुधा सिस्टिमनेच मारलेली असते. लिनक्सवर असाल तर ‘डीमेसेज’ (कर्नलचे मेसेज) उघडा आणि ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ शोधा. त्याच ओळीत प्रोसेसचं नाव असतं आणि तिने खरोखर धरलेली रॅम ‘अ‍ॅनॉन-आरएसएस’पुढे असते. कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या, मेमरीची हद्द आखून दिलेल्या बंदिस्त जागेत) हेच घडलं तर एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मिळणारा आकडा, १३७ असतो. नोड स्वतःची हीप संपून पडला तर लिनक्सवर १३४. या दोन आकड्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. १३४ला मर्यादा वाढवून बघता येते. १३७ला एकतर आतल्या प्रोसेसची मर्यादा उतरवायची, नाहीतर कंटेनरची वाढवायची. न वाचता १२ जीबी दिले की १३७वाला आणखी लवकर मरतो.

आता १६वर १२चा हिशोब. कोटलिनचा (अँड्रॉइडसाठी वापरतात त्या भाषेचा) डेमन ही वेगळी प्रोसेस आहे आणि त्याला स्वतंत्र आकडा दिला नाही तर तो ग्रेडलचाच आकडा उचलतो. म्हणजे दोघांना मिळून २४ जीबीची परवानगी, तीही अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (फोनची नक्कल) आणि ब्राउझर धरायच्या आधी. मर्यादा दूर असली की जावा कचरा काढायची घाई करत नाही, हीप फुगू देतो. मग मेमरीची पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जातात, आणि पुढचा फुल जीसी आला की जिवंत ऑब्जेक्ट तपासायला तीच पानं डिस्कवरून परत ओढावी लागतात. मशीन गोठतं ते इथे.

१६ जीबीच्या मशीनवर अँड्रॉइड प्रोजेक्टसाठी मी म्हणेन: ग्रेडल ४ जीबी, कोटलिन २ (‘कोटलिन.डेमन.जेव्हीएमआर्ग्ज’ ही ओळ वेगळी लिहा), स्टुडिओ २, आणि ८ कोअरचं मशीन असेल तर ‘ओआरजी.ग्रेडल.वर्कर्स.मॅक्स’ ४. मुळात वर्कर (एकाच वेळी काम करणारे) कोअरांइतके असतात आणि एकाच वेळी इतकी मॉड्यूलं कंपाइल होणं हेच पुष्कळदा मेमरी खातं.

पणजी_फुलस्टॅक

पोस्ट माझी आहे. ग्रेडलचा मूळ आकडा ५१२ एमबी आहे. पन्नासेक मॉड्यूलांचा प्रोजेक्ट ५१२ एमबीत बांधून दाखवा, मग मला लॉग वाचायला सांगा. माणसाला संध्याकाळी बिल्ड द्यायची असते. त्याला डंप (हीपची उतरवलेली फाइल), हिस्टोग्राम (कुठल्या क्लासाचे किती ऑब्जेक्ट याची यादी) आणि कर्नलचे मेसेज शिकवत बसलात तर तो काम कधी करणार?

आणि तुमचं सगळं लिनक्सवर चाललं आहे. विंडोजवर ना डीमेसेज, ना १३७. इथली बहुतेक मुलं विंडोजवर आहेत.

खांडेपार_बिल्ड

५१२ अपुरा आहे हे मी कुठे नाकारलं? स्टुडिओने बनवलेल्या नव्या प्रोजेक्टमध्ये २०४८ एमबी आधीच लिहिलेले असतात. २वरून ४वर जाणं वेगळं आणि १२वर उडी मारणं वेगळं.

विंडोजवरही खुणा आहेत. तिथे रॅम आणि पेजिंग फाइल (डिस्कवरची जोडमेमरी) मिळून कमिटची, म्हणजे विंडोज प्रोसेसना कबूल करू शकेल त्या एकूण मेमरीची, मर्यादा ठरते. ती संपली की ‘पेजिंग फाइल इज टू स्मॉल’ हा १४५५ नंबरचा एरर येतो, किंवा जावा ‘इनसफिशियंट मेमरी’ म्हणून ‘एचएस_ईआरआर_पीआयडी’ने सुरू होणारी फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकून जातो. एसएसडी झिजेल या भीतीने पेजिंग फाइल बंद करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. टास्क मॅनेजरमध्ये रॅम मोकळी दिसते आणि प्रोसेस मरते, कारण कमिट संपलेलं असतं. पेजिंग फाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’वर ठेवा. तिथे एक्सएमएस (हीपचा सुरुवातीचा आकार) मोठा लिहिणं आणखी वाईट, कारण तेवढं कमिट सुरुवातीलाच अडकतं.

माशेल_टाइपस्क्रिप्ट

नोडला ८ द्या हे वाचून मलाही लिहावंसं वाटलं. नोडच्या १२व्या आवृत्तीपासून हीपची मर्यादा मशीनची मेमरी बघून ठरते, आधीसारखी ती दीडेक जीबीवर अडकत नाही. तरीही ‘इनइफेक्टिव्ह मार्क-कॉम्पॅक्ट्स निअर हीप लिमिट’ येत असेल तर आधी ‘टीएससी --एक्स्टेंडेडडायग्नॉस्टिक्स’ चालवा (टीएससी म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर). किती फाइली आत आल्या ते पहिल्या ओळीतच दिसतं. तुमच्या प्रोजेक्टच्या कितीतरी पट फाइली दिसल्या तर टीएसकॉन्फिगच्या (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीतल्या) ‘इन्क्लुड’मधून ‘डिस्ट’ किंवा कुठलं तरी जनरेटेड फोल्डर आत शिरलं आहे. ते बाहेर काढा, ‘स्किपलिबचेक’ चालू करा, ‘इन्क्रिमेंटल’ चालू करा. मोनोरेपो (एकाच रिपॉझिटरीत अनेक प्रोजेक्ट) असेल तर प्रोजेक्ट रेफरन्सेस वापरा. वेबपॅकमध्ये (जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनात) डेव्हलपमेंटला पूर्ण सोर्समॅप (बांधलेल्या कोडवरून मूळ ओळ दाखवणारी फाइल) ठेवलात तर मेमरी तिथेही जाते, ‘इव्हॅल-चीप-मॉड्यूल-सोर्स-मॅप’ पुरतो.

एडिटरमधली लाल रेघ गायब होऊन ‘टीएससर्व्हर क्रॅश’ येत असेल तर नोड_ऑप्शन्समध्ये आकडे बदलून काही होणार नाही. व्हीएस कोडमध्ये ‘मॅक्सटीएससर्व्हरमेमरी’ वेगळी असते, मूळ किंमत ३०७२.

डब्ल्यूएसएलवाल्यांनी (विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांनी) हेही बघा: त्याला मुळात मशीनची निम्मीच मेमरी मिळते. १६ जीबीच्या मशीनवर आत ८, आणि त्या ८मध्ये जावा स्वतःहून पाव भाग, म्हणजे २ जीबी, हीपची मर्यादा धरतो. ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’मध्ये ‘मेमरी’ची ओळ लिहून ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

सत्तरी_पाऊस

तुम्ही सगळे १६ धरून चालला आहात. मिरगानंतर गोव्यात पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे १६ जीबी मशीनला दिसते तरी का. दोन स्लॉटांतली रॅमची एक पट्टी दिसेनाशी होते, मशीन ८वर बूट होतं, काही तक्रार करत नाही, आणि माणूस ग्रेडलच्या मागे लागतो. लिनक्सवर ‘फ्री -एच’मध्ये एकूण साडेसातच्या आसपास दिसली तर ‘डीएमआयडीकोड -टी मेमरी’ चालवा, रिकाम्या स्लॉटपुढे ‘नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड’ येतं. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा, २ पैकी १ आलं की समजा.

कारण आपली हवा. पावसात आर्द्रता नव्वदीला जाते, किनाऱ्याजवळ तिच्यात मीठही असतं. पट्टीच्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनहूनही पातळ, त्याच्या बारीक छिद्रांतून खालचा धातू गंजतो. बॅटरी सुटी करा, पट्टी काढा, टोकं रबराने पुसा, परत बसवा. बहुतेक वेळा काम होतं.

पेडणे_कर्नल

रबराने? तो पातळ मुलामा तुम्हीच सांगता आणि वर त्यावर रबर घासायला लावता? रबर मुलामा झिजवतं, भुकटी स्लॉटमध्ये पडते, आणि पुढच्या पावसात तीच पट्टी आणखी लवकर दगा देते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड घ्या, पुसून सुकू द्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणी असतं.

आणि कमी मेमरी दिसली की हवेवर ढकलू नका. इंटिग्रेटेड ग्राफिक्स स्वतःसाठी काही मेमरी राखून ठेवतं, कधीकधी २ जीबीसुद्धा, विंडोजवर ते ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’मध्ये दिसतं. एमएसकॉन्फिगच्या बूटच्या पानावर ‘मॅक्सिमम मेमरी’ला कोणी टिक केली असेल तरीही मेमरी कापली जाते. पाच मिनिटांत तपासून होणाऱ्या या गोष्टी सोडून स्क्रूड्रायव्हर हातात घेणं चुकीचं.

सत्तरी_पाऊस

बाब, ग्राफिक्स १६तले नेमके ८ सहसा राखत नाही. बरोबर अर्धी गेली तर ती बहुधा पट्टीच असते. वाळपईत ९९ टक्क्यांचं अल्कोहोल मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. रबर प्रत्येक घरात असतं. मऊ पांढरं रबर, दोन हलके हात, आणि पट्टी स्लॉटपासून लांब धरून. भुकटी आत पडते ती लॅपटॉपवरच घासणाऱ्यांची.

पेडणे_कर्नल

मिळत नाही म्हणून चुकीची पद्धत बरोबर होत नाही. पट्टी नुसती काढून परत बसवली तरी पुष्कळदा संपर्क येतो, घासायची गरजच नसते. आधी तेवढंच करा. एकेक पट्टी दोन्ही स्लॉटांत आलटून पालटून लावा. पट्टी दुसऱ्या स्लॉटात चालली तर दोष स्लॉटचा, आणि स्लॉट गेला असेल तर तुमचं रबर काय करणार? दोन्ही दिसायला लागल्या की रात्रभर मेमटेस्ट८६प्लस (रॅम तपासणारं साधन) लावा. २०२२ला आलेली सहावी आवृत्ती यूईएफआयवरही (नव्या मशीनांच्या बूट पद्धतीवरही) चालते. एक जरी एरर आला तरी ती पट्टी बाद. खराब बिट असलेल्या मशीनवर कंपायलर कधी सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावल्याचा एरर) देतो, कधी नाही, आणि त्याच बिल्डला दुसऱ्यांदा काही होत नाही. त्यालाही लोक मेमरी संपली म्हणतात.

मुलांना असले घरगुती उपाय शिकवता आणि मग बोर्ड बदलायचा खर्च त्यांच्या आईवडिलांवर येतो. याची चीड येते.

सत्तरी_पाऊस

काढून परत बसवायचं हे पहिलं पाऊल, मान्य. स्लॉट बदलून बघायचं हेही मान्य. रबराबद्दल तुमचा आवाज चढला म्हणून माझं मत बदलणार नाही.

रायबंदर_एसएसएच

मोठी बिल्ड घरच्या लॅपटॉपवर करायचीच कशाला? ६४ जीबीचं रिमोट मशीन तासावर मिळतं. एडिटर इथे, कंपायलर तिथे.

सत्तरी_पाऊस

पावसात वीज गेली की टॉवरही झोपतो. रिमोट मशीन पणजीत बसून चालवायला ठीक आहे.

रायबंदर_एसएसएच

टीमक्समध्ये चालवा. लाइन तुटली तरी बिल्ड तिकडे पुरी होते, जोडल्यावर निकाल दिसतो.

पणजी_फुलस्टॅक

चर्चा रॅमच्या पट्टीवर गेली, पण माझा मुद्दा तिथेच आहे. कोटलिनचा डेमन ग्रेडलचा आकडा उचलतो हे पोस्टमध्ये यायला हवं होतं. दोघांना वेगळे आकडे द्या, अशी दुरुस्ती घालतो. १२च्या जागी ४ लिहितो. पण १६ जीबी पुरते हे मी मानणार नाही. एम्युलेटर, डॉकर आणि ब्राउझर एकत्र चालवणाऱ्याला तुमच्या हिशोबातही काही उरत नाही. आणि रॅम बोर्डला सोल्डर केलेले लॅपटॉप इतके झाले आहेत की नंतर वाढवू असं म्हणायची सोय नाही. नवं मशीन घेणाऱ्याला मी ३२च सांगणार.

खांडेपार_बिल्ड

सोल्डर केलेली रॅम असेल तर घेतानाच जास्त घ्या, यावर वाद नाही. पण पोस्ट आहे त्या मशीनबद्दल होती. ज्याच्याकडे आज १६ आहेत त्याने काय करायचं, याला ३२ घ्या हे उत्तर नव्हे.

त्याने आधी ‘ग्रेडल --स्टेटस’ चालवावं. स्टुडिओचा जेडीके (जावाचा संच) एक आणि टर्मिनलचा जावा_होम दुसरा असला की दोन डेमन उभे राहतात. काम नसलेला डेमन तीन तास तसाच मेमरी धरून बसतो. ‘ग्रेडल --स्टॉप’ द्या आणि दोन्हीकडे एकच जेडीके ठेवा. पोस्टमध्ये सांगितल्याप्रमाणे आकडा बदलून बघितलात तर जुन्या आकड्याचा डेमन मागे राहतो आणि नव्या आकड्याचा वेगळा सुरू होतो, हेही त्यात नाही.

मग ४ जीबीवर बिल्ड चालवा. तरी ‘जावा हीप स्पेस’ आलंच तर ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ लावा, डिस्कवर हीपएवढी जागा ठेवून. तो डंप एक्लिप्स मॅटमध्ये (डंप वाचणाऱ्या साधनात) उघडून डॉमिनेटर ट्री, म्हणजे कोणी किती हीप धरली आहे याचं झाड, बघा. कुठल्या तरी अ‍ॅनोटेशन प्रोसेसरने किंवा प्लगइनने अर्धी हीप धरली असेल तर ते झाडाच्या टोकालाच दिसतं. डंप नको असेल तर बिल्ड चालू असताना जेडीकेतल्या ‘जेसीएमडी’ने ‘जीसी.क्लास_हिस्टोग्राम’ दोनदा घ्या, दहा मिनिटांच्या अंतराने, आणि कुठल्या क्लासाची संख्या चढतेच आहे ते बघा.

पणजी_फुलस्टॅक

हिस्टोग्रामची ओळ घालतो पोस्टमध्ये. मॅटची नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबीचा डंप मॅटमध्ये उघडताना मॅटचीच हीप संपते.

खांडेपार_बिल्ड

खरं आहे. त्यासाठी मॅटसोबत ‘पार्सहीपडंप’ नावाची स्क्रिप्ट येते. डंप मोठ्या रॅमच्या मशीनवर न्या, तिथे ती चालवा आणि ‘लीक सस्पेक्ट्स’चा तयार अहवाल झिपमध्ये घेऊन या. तो कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. हे घाला पोस्टमध्ये, आणि ‘लॉग वाचू नका’ हे वाक्य काढा.